छेदात कोण आहे?

पुण्यात गुप्तरोगाचा विषय निघाला की बोट आपसूक बुधवार पेठेकडे जातं. आत्ता मनातल्या मनात कितीजण तिथं पोचलात? हात वर करा बरं! तिथल्या वेश्यावस्तीतल्या बायकांचं रक्त वर्षानुवर्षं तपासलं जातंय, म्हणून तिथला आकडा आहे. कोथरूड-हडपसरच्या सोसायट्यांत घरोघरी कुणी तपासायला गेलंच नाही, मग तिथला आकडा येणार कुठून? टक्केवारीच्या अपूर्णांकात छेद म्हणजे तपासलेली सगळी माणसं. त्यात कोण आहे, हेच आधी विचारायचं.

नोकरीच्या सुरुवातीला एका दवाखान्याचं रजिस्टर जुळवायचं काम माझ्याकडे आलं. एकच माणूस तीन महिन्यांत तीन नावांनी येऊन गेला होता. खरं नाव सांगायला त्याला भीती वाटायची. त्याचा दोष नाही. रजिस्टरमध्ये तीन रुग्ण झाले. त्याची बायको शेजारच्या खोलीत ‘अंगावरून पांढरं जातं’ म्हणून आलेली. लक्षण ऐकून गोळ्या दिल्या, तपासणी नाही, नोंद ‘स्त्रीरोग’. (लक्षणांवरून उपचार करण्याला माझा विरोध नाही हं. प्रयोगशाळा नसेल तिथं बाई त्याच दिवशी औषध घेऊन घरी जाते, ही मोठी गोष्ट आहे. पण मोजणीला ते चालत नाही. क्लॅमिडिया या गुप्तरोगात तर बहुतेक बायकांना लक्षणंच नसतात.) घरात माणसं दोन, कागदावर चार! मी वरिष्ठांना दाखवलं. ते म्हणाले, “बेरीज जुळतेय ना?” हे मला आजही सलतं.

देशपातळीवर काय झालं ते बघा. एचआयव्हीबाधितांचा सरकारी अंदाज होता सुमारे ५२ लाख. २००७ मध्ये तो २५ लाखांच्या आसपास आला. निम्मे लोक काही बरे झाले नव्हते! आधीचा हिशेब मुख्यतः सरकारी दवाखान्यांत येणाऱ्या गरोदर बायका आणि जोखमीच्या गटांवरून मांडलेला. मग राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात घराघरांतून लाखभर लोकांचं रक्त तपासलं. छेद बदलला.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरलीत. पुण्याचा अंदाज कसा काढायचा, ते भरभर सांगते.

चाचणी चुकते, हे आधी धरा. हजार माणसांत दहा बाधित आहेत आणि शंभर निरोगी माणसांमागे दोघांना चाचणी चुकून बाधित ठरवते, असं समजा. दहाच्या जोडीला वीस निरोगी येतात. एक टक्क्याचे तीन टक्के दिसतात. ती वजाबाकी करावीच लागते. उपदंशात (सिफिलिसमध्ये) टीपीएचए ही रक्तचाचणी बरं झाल्यावरही बहुधा आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते. जोडीला व्हीडीआरएल ही दुसरी रक्तचाचणी हवीच, ती उपचारानंतर सहसा उतरते; नाहीतर जुनं दुखणं आजचं म्हणून मोजाल.

मग प्रभागवार चिठ्ठ्या टाकून घरं निवडायची. नमुन्याच्या बाटलीवर नाव नको, क्रमांक. क्लॅमिडिया आणि परम्यासाठी (गनोरियासाठी) पुरुषांची लघवी चालते. बायकांना स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवरचा नमुना, स्वतःच, दार लावून घेता येतो. आणि दार न उघडणारी घरं किती, कुठल्या प्रभागातली, हेही त्याच वहीत लिहायचं. ती घरं गाळून टक्केवारी काढलीत, तर माझं ते रजिस्टरच पुन्हा तयार होईल.