घड्याळ कोणाच्या हातात? अमेरिकेच्या दोन सभागृहांविषयी

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय 'अमेरिकेत कायदा कसा होतो'. संयोजकांनी दिला, मी हो म्हटलं. पण विधेयक मांडलं, समितीकडे गेलं, मतदान झालं, राष्ट्राध्यक्षांची सही झाली, एवढं तर नातवंडंही मोबाइलवर काढून दाखवतील. त्यावर मी शेवटी येतोच. त्याआधी माझं एक लाडकं म्हणणं ऐकून घ्या. अमेरिकी काँग्रेसमध्ये सत्ता मतांची असते त्याहून जास्त वेळेची असते. प्रतिनिधीगृहात घड्याळ ज्याच्या हातात, तो राजा. सिनेटमध्ये घड्याळ ज्याला बंद पाडता येतं, तो राजा. (पुढच्या रांगेतले हसताहेत, पण ते घड्याळ नव्हे.)

आधी एक तक्रार. सिनेटचं नाव निघालं की आपल्या वाहिन्यांवर कोणीतरी हमखास सांगतं, 'म्हणजे त्यांची राज्यसभा.' अहो, राज्यसभेत उत्तर प्रदेशाचे ३१, महाराष्ट्राचे १९ आणि गोव्याचा १. सिनेटमध्ये पावणेसहा लाख वस्तीच्या वायोमिंगचे २ आणि जवळपास चार कोटींच्या कॅलिफोर्नियाचेही २. आपल्याकडे धनविधेयक राज्यसभेला १४ दिवसांत परत करावं लागतं. सूचना करायच्या, लोकसभेने ऐकल्या तर ऐकल्या. तिकडे कराचं विधेयक प्रतिनिधीगृहातच निघालं पाहिजे हे खरं, पण सिनेट त्याचा नुसता क्रमांक ठेवून आतला मजकूर सगळा नवा घालू शकते. शिवाय मंत्री, न्यायाधीश, राजदूत, लष्करातल्या बढत्या, सगळ्यांना संमती सिनेटची. प्रतिनिधीगृहाला त्यात कोणी विचारत नाही. आपल्या विधान परिषदेशी तुलना तर मी करतच नाही, सभागृहात दोन माजी आमदार बसलेत.

हे असं का, तर त्यावर एक गोष्ट सांगतात. जेफरसनने वॉशिंग्टनला विचारलं, हे दुसरं सभागृह कशाला? वॉशिंग्टन म्हणाला, तू पेय बशीत का ओततोस? गार व्हायला. मग आपणही कायदा सिनेटच्या बशीत ओततो. गोष्टीला पुरावा काही नाही. पण बशीतून चहा फुरकणाऱ्या माणसांना ती चटकन पटते, म्हणून मी ती सोडत नाही.

आता प्रतिनिधीगृह. सदस्य ४३५, मुदत दोन वर्षांची. म्हणजे निवडून आला की दुसऱ्या दिवसापासून पुढच्या निवडणुकीचे पैसे गोळा करायला लागायचं. आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०२३पासून मिशिगनमधल्या डेट्रॉइट भागातून तिथे आहेत. आपला माणूस म्हणून अभिमान ठीक, पण चारशे पस्तिसांत एकाच्या वाट्याला बोलायला किती येणार? बहुतेक वेळा मिनिट, दीड मिनिट, तेही पक्षाच्या व्यवस्थापकाने दिलं तर. कुठलं विधेयक कधी येणार, चर्चा किती तास, दुरुस्त्या कोणत्या चालतील, हे ठरवते नियम समिती. १३ जणांची, त्यात ९ बहुमतवाल्या पक्षाचे आणि ४ विरोधी. सभागृहात तुमच्या पक्षाची आघाडी चारच जागांची असली, तरी या खोलीत तुम्ही दुपटीहून जास्त. तिथे एकदा 'एक तास चर्चा, दुरुस्ती नाही' असं ठरलं की संपलं.

या समितीचा अध्यक्ष किती मोठा असू शकतो, त्याचा किस्सा १९५७चा. कृष्णवर्णीयांच्या मतदानहक्काचं विधेयक आलेलं. नियम समितीचे अध्यक्ष व्हर्जिनियाचे हॉवर्ड स्मिथ, वंशभेदाचे कट्टर समर्थक, घरी दुभत्या गुरांचा मोठा गोठा. अध्यक्षाने बैठक बोलावली नाही तर समिती बसणार कशी? आणि अध्यक्ष तर गायब! निरोप आला की शेतावरचा गोठा जळालाय, बघायला गेलोय. त्यावर स्पीकर सॅम रेबर्न म्हणाल्याचं सांगतात, 'हे विधेयक अडवायला हॉवर्ड काहीही करेल हे ठाऊक होतं, पण आग लावण्यापर्यंत जाईल असं वाटलं नव्हतं.' (हशा.) चार वर्षांनी, १९६१ साली, रेबर्ननी समितीचे सदस्य १२चे १५ करून स्मिथना अल्पमतात आणलं. त्यासाठी सभागृहात मतदान झालं, २१७ विरुद्ध २१२. पाच मतांनी. देशाच्या इतिहासातली एक मोठी लढाई, आणि प्रश्न काय, तर एका समितीत तीन खुर्च्या वाढवायच्या की नाही.

१९५७चं तेच विधेयक सिनेटमध्ये गेलं, आणि तिथे उलटा कारभार. सिनेटमध्ये तुम्ही बोलायला उभे राहिलात की तुम्हाला बसा म्हणणारा कोणी नाही. हे राज्यघटनेत कुठेही लिहिलेलं नाही बरं का. १८०५ साली उपराष्ट्राध्यक्ष ॲरन बर, म्हणजे आदल्या वर्षी हॅमिल्टनला द्वंद्वात मारणारा तोच, जाता जाता सांगून गेला की तुमच्या नियमांत फार अडगळ झालीय, साफ करा. १८०६ साली सिनेटने साफसफाई केली, त्यात चर्चा थांबवून मतदान घेण्याचा ठरावच निघून गेला. कोणाच्या लक्षात आलं नाही. तीसेक वर्षांनी आलं, आणि मग ज्याला त्याला कंठ फुटला.

तर १९५७. साउथ कॅरोलिनाचे सिनेटर स्ट्रॉम थर्मंड, तेव्हा डेमोक्रॅट, या विधेयकाच्या विरोधात बोलायला उभे राहिले. नियम असा की उभं राहायचं, बोलत राहायचं, जागा सोडायची नाही. म्हणून या गृहस्थांनी आधी वाफेचं स्नान करून अंगातलं पाणी काढून टाकलं. का, ते ज्येष्ठ नागरिकांना समजावायला नको. खिशात घशाच्या गोळ्या आणि माल्टेड मिल्कच्या वड्या. शेजारच्या खोलीत एक साहाय्यक बादली घेऊन उभा. अगदीच वेळ आली तर एक पाय सभागृहात आणि एक बाहेर. २८ ऑगस्टला रात्री नऊच्या सुमाराला सुरुवात. पहिल्यांदा एकेका राज्याचे निवडणूक कायदे वाचले. मग स्वातंत्र्याचा जाहीरनामा. मग वॉशिंग्टनचं निरोपाचं भाषण. पत्नी गॅलरीत बसून. मध्ये दुसरे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांनी काही मिनिटं मागून घेतली, तेवढ्यात हे जाऊन आले. दुसऱ्या दिवशी रात्री थांबले: २४ तास १८ मिनिटं. आणि निष्पन्न काय? दोन-एक तासांत विधेयक ६० विरुद्ध १५ मतांनी मंजूर. दक्षिणेतले सहकारी उलट चिडले. त्यांनी वाटाघाटी करून विधेयक आधीच बोथट केलं होतं आणि अडवायचं नाही असं ठरवलं होतं. आता मतदारसंघात लोक विचारणार, तुम्ही का नाही बोललात?

हा विक्रम ६७ वर्षं टिकला. मोडला २०२५च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या कोरी बुकरनी, २५ तास ५ मिनिटं. एडिसनला ज्यांची मुलं आहेत त्यांचे हे सिनेटर. कृष्णवर्णीय सिनेटरने थर्मंडचा विक्रम मोडावा, यातला न्याय मला फार आवडतो. खुर्चीवर बसायचा मोह नको म्हणून त्यांनी खुर्चीच उचलून न्यायला सांगितली होती.

पण बोलण्याचा हा प्रकार आता नाटकापुरता उरलाय. चर्चा थांबवायचा क्लोचरचा नियम १९१७ साली आला, दोन तृतीयांशांचा. १९६४ साली नागरी हक्क कायद्यावर तो लावताना कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल चाकांच्या खुर्चीतून आले. मेंदूत गाठ, वाचा गेलेली. नाव पुकारल्यावर त्यांनी बोट डोळ्याकडे नेलं. इंग्रजीत डोळा आणि सभागृहातला होकार दोन्ही 'आय'. मत धरलं गेलं. ७१ विरुद्ध २९. दीड-पावणेदोन महिन्यांत ते गेले. १९७५ साली अट ६० मतांवर आली, आणि हळूहळू भाषणच गळून पडलं. विधेयक अडवायला आता कोणी रात्रभर उभं राहत नाही. 'आमचा विरोध आहे' एवढं कळवायचं, की समोरच्याने ६० मतं जमवायची.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. त्यांच्याकडे क्लोचर आहे, माझ्याकडे वॉशिंग्टनचं भाषण नाही. तेव्हा पत्रिकेवरचा विषय झटपट.

दोन्ही सभागृहांत मजकूर शब्दशः सारखा मंजूर व्हावा लागतो. फरक राहिला तर संयुक्त समिती, किंवा हल्ली नुसतीच इकडून तिकडे फेकाफेकी. आपल्यासारखं दोघांचं एकत्र अधिवेशन बोलावून मोठ्या सभागृहाच्या संख्येने प्रश्न सोडवायची सोय नाही. राष्ट्राध्यक्षाचा नकार ओलांडायला दोन्हीकडे दोन तृतीयांश. महाभियोगाचा आरोप प्रतिनिधीगृह ठेवतं, खटला सिनेट चालवते. पक्षांतरबंदी कायदा नाही. तिथल्या सदस्याला पक्षाविरुद्ध मत द्यायला गुवाहाटीला जावं लागत नाही. २०१७ साली सिनेटर जॉन मॅक्केननी अंगठा खाली केला आणि स्वतःच्याच पक्षाचं विधेयक पाडलं, तेही पहाटे, सगळ्यांच्या देखत.

नेमणुकांसाठी ६०ची अट २०१३ आणि २०१७ मध्ये निघाली. अर्थसंकल्पाशी जोडलेल्या विधेयकाला १९७४च्या कायद्याने साधं बहुमत पुरतं, म्हणून हल्ली सगळं मोठं त्याच एका गाडीत कोंबतात. २०२५चं ट्रम्प यांचं मोठं विधेयक तसंच: सिनेटमध्ये ५०-५०, उपराष्ट्राध्यक्षाच्या मताने पार. प्रतिनिधीगृहात त्या वेळी विरोधी नेते हकीम जेफ्रीज ८ तास ४४ मिनिटं बोलले, कारण पक्षनेत्याचं एक मिनिट तिथे मोजायचं नसतं. म्हणतातच त्याला जादूचं मिनिट.

आणि माझं म्हणणं तपासून बघायचं असेल तर २०२५ची शरद ऋतूतली टाळेबंदी घ्या. ४३ दिवस सरकार बंद, कारण सरकारी खर्चाच्या विधेयकाला सिनेटमध्ये ६० मतं जमेनात. त्या काळात स्पीकर माइक जॉन्सननी प्रतिनिधीगृह भरवलंच नाही. ॲरिझोनाच्या अडेलिटा ग्रिहाल्वा २३ सप्टेंबरला निवडून आल्या, शपथ मिळाली १२ नोव्हेंबरला. लैंगिक गुन्हेगार जेफ्री एपस्टीनची सरकारी कागदपत्रं खुली करण्याचं विधेयक समितीला बगल देऊन सभागृहात आणण्याच्या अर्जाला २१८ सह्या लागत होत्या आणि २१७ झाल्या होत्या. शपथेनंतर त्यांनी सही केली. सहा दिवसांत मतदान झालं, ४२७ विरुद्ध १. सिनेटमध्ये त्याच दिवशी विचारलं गेलं, कोणाची हरकत? एकाने तोंड उघडलं असतं तरी खोळंबलं असतं. कोणी उघडलं नाही, आणि चर्चा, मतदान काहीही न होता विधेयक मंजूर झालं.