मुगाचा बेवड ज्वारीला कधी लागतो?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

सोलापूर, मंगळवेढ्याच्या काळ्या रानात खरिपात मूग आणि त्यामागून रब्बी ज्वारी घेता येते. मुगाचा बेवड, म्हणजे आधीच्या पिकानं रानात मागे ठेवलेला कस, ज्वारीला चांगला, हे सांगायला कृषी अधिकारी लागत नाही. तरीही मुगामागची ज्वारी कधीकधी पिवळी पडते. कारण बेवड असतो मुळांत आणि पाल्यात, आणि काढणीला आपण मूग मुळासकट उपटून खळ्यावर नेतो. मग रानात उरतं काय?

सुरुवात बियाण्यापासून करू. 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम रायझोबियम चोळा. हे जिवाणू मुगाच्या मुळांवर गाठी करतात आणि हवेतलं नत्र (नायट्रोजन) पिकाला मिळवून देतात. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, जिवाणू शेवटी. मग बी सावलीत सुकवा. पाकीट चवळी गटाचं मागा, सोयाबीनचं मुगाला चालत नाही. पीक फुलोऱ्यात आलं की चार-दोन झाडं खुरप्यानं खणून काढा. ओढू नका, गाठी मातीतच राहतात. गाठ फोडल्यावर आत गुलाबी दिसली तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर नाही. पाणी साचलं असेल किंवा युरिया जास्त पडला असेल.

शेंगा दोन तोड्यांत काढून घ्या आणि पाला हिरवा असतानाच गाडा. मूग 60 ते 65 दिवसांत निघतो. जूनमध्ये पेरलेला असेल, तर ज्वारीच्या पेरणीआधी पाला कुजायला दोन-तीन आठवडे मिळतात. ओल नसेल तर मात्र नांगर घालू नका, उरलीसुरली ओलही उडून जाईल. अशा वेळी झाडं विळ्यानं कापून जागेवरच पसरा.

आता ज्वारीची धसकटं, म्हणजे कापणीनंतर रानात उरलेले बुंधे. कडबा गुरांचा, त्यावर वाद नाही. पण धसकटं वेचून जाळू नका. त्यांच्यात कर्ब (कार्बन) भरपूर, नत्र थोडं. कुजताना जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. ही ओढाताण जूनच्या पावसात होते, आणि तेव्हा रानात मूग असतो. तो आपलं नत्र बरंचसं हवेतून मिळवतो, त्यामुळे त्याला झळ कमी लागते. धसकटांवर लगेच तृणधान्य पेरलं, तर तेच पिवळं पडतं.

भारी जमिनीत कोरडवाहू ज्वारीला हेक्टरी 60 किलो नत्र आणि 30 किलो स्फुरद (फॉस्फरस) लागतं. पाला गाडला असेल तर नत्र चौथाईनं कमी करून पाहा, स्फुरद तेवढंच ठेवा. खत दोन चाड्यांच्या पाभरीनं, म्हणजे एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत सोडणाऱ्या पेरणीच्या अवजारानं, पेरूनच द्या. वर फेकलेलं कोरड्या मातीत पडून राहतं.