पांढरी वायर

(दृश्य: देवबागचा रस्ता. एका बाजूला समुद्र, दुसरीकडे कर्ली खाडी. कयाक लादलेला ट्रेलर ओढत एक व्हॅन येते.)

दिवेलागणीची वेळ. ड्रायव्हर डावा इंडिकेटर देतो. व्हॅनचा इंडिकेटर नीट लागतो, मात्र मागे ट्रेलरवर वेगळाच खेळ चाललेला असतो. डावा दिवा मंद लुकलुकतो आणि त्याच्या जोडीने लाल दिवेही मिणमिणतात. पुढे पार्किंगचे दिवे लावून ब्रेक दाबला, तर लाल दिवे उजळायचे सोडून उलट मंदावतात.

बघणारा म्हणेल, वायरी उलटसुलट जोडल्या. तसं सहसा नसतं. जोडणी बरोबर असते, तुटलेली असते ती फक्त एक पांढरी वायर, म्हणजे ट्रेलरची अर्थिंगची वायर, थोडक्यात ‘अर्थ’.

दिव्यातून गेलेल्या करंटला बॅटरीकडे परतायला वाट लागते. पांढरी तुटली की करंट दुसरी वाट शोधतो. इंडिकेटरच्या बल्बमधून निघून तो ट्रेलरच्या ब्रेक आणि पार्किंगच्या बल्बमध्ये उलटा शिरतो, त्यांच्या वायरींतून व्हॅनच्या मागच्या दिव्यांपर्यंत पोचतो आणि तिथून बॉडीला मिळतो. एका बल्बच्या वाट्याचे १२ व्होल्ट तिघाचौघांत वाटले जातात, म्हणून सगळेच मिणमिणतात. एक दिवा लावला आणि भलताच लागला, की आधी अर्थ बघायची. बल्ब बदलत बसू नये.

(दृश्य: सातपिनी सॉकेट, अगदी जवळून. स्क्रूड्रायव्हरने मागचं झाकण निघतं.)

एक हंगाम किनाऱ्यावर काढलेलं हे व्हॅनच्या मागचं सॉकेट, ट्रेलरच्या केबलचा प्लग यातच बसतो. झाकणाची स्प्रिंग गंजून अर्धी झाली आहे, त्यामुळे झाकण नीट मिटत नाही. तळाचं पाणी निघायचं भोक वाळूने बुजलेलं. आत तीन नंबरच्या पिनवर हिरवा थर चढलाय. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक ठेवलं की कळकतं, तसाच. वायरचं प्लॅस्टिक वीतभर सोललं तरी आतलं तांबं काळंच निघतं, कारण खारं पाणी तारांच्या मधून वर चढत जातं. काळ्या तांब्याला सोल्डर धरत नाही, आणि वायरच्या टोकाला दाबून बसवलेलं धातूचं टोपण, म्हणजे थिंबलही, महिन्याभरात ढिलं होतं. चकचकीत तांबं दिसेपर्यंत वायर कापायची. वायर आखूड पडत असेल तर नवी टाकायची.

यावरचा उपाय कोकणातल्या घरोघरी माहीत आहे: कल्हई. बोटींसाठी मिळणाऱ्या वायरीत प्रत्येक तार कथिलाने मढवलेली असते. सोलल्यावर तांबूस दिसण्याऐवजी ती रुपेरी दिसते. साध्या वायरीपेक्षा महाग पडते, पण किनाऱ्यावर राहणाऱ्या ट्रेलरला दुसरी वायर घालू नये.

(दृश्य: सात रंगांच्या वायरी टेबलावर मांडलेल्या.)

आता रंग. सातपिनी सॉकेटची मांडणी आयएसओ १७२४ या मानकाने ठरवली आहे, आणि पिनेशेजारी बारीक अक्षरात नंबर कोरलेले असतात. एक, पिवळी, डावा इंडिकेटर. दोन, निळी, मागचा फॉग दिवा. तीन, पांढरी, अर्थ. चार, हिरवी, उजवा इंडिकेटर. पाच, तपकिरी, उजवा पार्किंग. सहा, लाल, ब्रेक. सात, काळी, डावा पार्किंग.

काळीपाशी थांबू. आपल्याकडे गाड्यांची कामं करणाऱ्याच्या हाताला सवय असते, काळी म्हणजे अर्थ. इथे काळी अर्थ नाही. ती सवयीने बॉडीला जोडली की पार्किंग लावताक्षणी फ्यूज उडतो, आणि मग कोणीतरी १० अँपिअरच्या जागी २० चा फ्यूज घालून वायरच जाळतो.

निळीचाही एक घोळ आहे. मागचा फॉग दिवा इथे फारसा वापरात नसल्याने दोन नंबरची पिन रिव्हर्स लाइटला देण्याची पद्धत पडली आहे. स्वतःच्या ट्रेलरला चालतं. पण तयार विकत घेतलेल्या सायकल कॅरिअरवर त्या पिनेला लाल फॉग असतो, आणि रिव्हर्स टाकला की मागे भगभगीत लाल दिवा लागतो. रिव्हर्स हवाच असेल तर तेरापिनी सॉकेट घ्यावं. त्यात पहिल्या सात पिना वरच्याच क्रमाने येतात आणि आठवी रिव्हर्सची. ते फिरवून घट्ट बसतं, त्यामुळे पाणी कमी शिरतं.

(दृश्य: व्हॅनचा मागचा कोपरा. टेल लॅम्प काढलेला.)

करंट कुठून घ्यायचा, हे व्हॅनच्या वयावर ठरतं. जुन्या, साध्या वायरिंगच्या व्हॅनमध्ये टेल लॅम्पच्या कपलरमागून जोड घेता येतो. मात्र इंडिकेटरचा हिशेब करावा लागतो. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर घेतो. हॅझर्ड लावला की व्हॅनचे चार आणि ट्रेलरचे दोन असे सहा बल्ब एकदम लागतात, म्हणजे १२६ वॅट, साडेदहा अँपिअर. इंडिकेटर लुकलुकवणारा मूळ फ्लॅशर एवढ्यासाठी बनवलेला नसतो. त्याच्या अंगावर वॅट छापलेले असतात, ते वाचून जास्त लोडचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालावा.

ज्या नव्या गाड्यांचे दिवे कंट्रोल युनिट सांभाळतं, त्यांच्या टेल लॅम्पवर ट्रेलरचा भार टाकू नये. जास्तीचा करंट दिसला की युनिट ती लाइन बंद करतं किंवा स्वतःच जळतं, आणि ते युनिट महागडं असतं. अशा गाडीला बायपास रिले बसवतात. टेल लॅम्पच्या वायरीतून रिले फक्त इशारा घेतो, ट्रेलरच्या दिव्यांचा करंट थेट बॅटरीवरून येतो. त्यासाठी बॅटरीपासून २.५ चौरस मिलिमीटरची वायर ओढायची आणि बॅटरीपासून वीतभर अंतरातच १५ अँपिअरचा फ्यूज घालायचा. फ्यूज मागच्या टोकाला ठेवला तर मधली सगळी वायर फ्यूजच्या संरक्षणाविना राहते. पत्र्यातून जाताना भोकाला रबरी कडं, म्हणजे ग्रोमेट, हवाच.

आणखी एक सवय मोडायला हवी. वायर न सोलता तिच्यावर दाबून बसवायची ती निळी क्लिप. काम पाच मिनिटांत होतं, पण क्लिपचं पातं काही तारा कापतं आणि तिथूनच खारी हवा आत शिरते. वायर सोलून, जोड क्रिंप करून (पक्कडीने दाबून) त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह, म्हणजे तापवली की आवळणारी नळी, बसवावी. गरम झाली की दोन्ही टोकांतून गोंद बाहेर डोकावतो. तो दिसला, तर जोड बंद झाला असं समजायचं. नुसती चिकटपट्टी मेच्या उन्हात सुटते.

(दृश्य: शासीवर सँडपेपर. रंग निघून चकचकीत लोखंड दिसतं.)

पुन्हा पांढरीकडे. बाकीच्या वायरी आपापल्या दिव्याचा करंट नेतात, पांढरी सगळ्यांचा परत आणते. ब्रेकचे ४२ वॅट, पार्किंग आणि नंबर प्लेटचे १५, इंडिकेटरचे २१ धरले तर ७८ वॅट, म्हणजे साडेसहा अँपिअर. आठ मीटर लांबीची एक चौरस मिलिमीटरची पांढरी टाकली तर तिच्यातच जवळपास ०.९ व्होल्ट जातात. २.५ ची टाकली तर ०.३६. फरक लहान वाटतो, पण व्होल्टेज १० टक्के घटलं तर बल्बचा उजेड सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. आंबोली घाटात धुकं उतरलं की तो फरक मागच्या गाडीला लगेच दिसतो.

पांढरीचं व्हॅनकडचं टोक शासीला बसवायचं. टोइंग हुकच्या पट्टीवर नको, कारण तिला जाड पावडर कोटिंग असतं. रंग खरवडून लोखंड उघडं करायचं, थिंबलखाली दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळायचा, मग वरून पेट्रोलियम जेली किंवा रंग. ट्रेलरच्या बाजूला प्रत्येक दिव्यापर्यंत स्वतंत्र पांढरी न्यावी. शासीलाच अर्थ मानायची पद्धत कोरड्या गावात चालते, इथे चालत नाही. आणि हुकच्या बॉलमधून अर्थ मिळेल या भरवशावर तर राहूच नये. तिथे ग्रीस असतं, गंज असतो, आणि प्रत्येक खड्ड्यात तो संपर्क तुटतो.

तपासताना मल्टिमीटर फसवतो. शेवटची एक तार उरली असली तरी, दिवा जोडलेला नसेल तर तो १२.६ व्होल्ट दाखवतो. म्हणून सगळे दिवे लावून मोजायचं. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं सॉकेटच्या तीन नंबरला. ०.२ व्होल्टच्या आत आलं तर ठीक. अर्धा व्होल्ट आला तर जोड उघडायचा.

एखादा दिवा पहिल्यापासूनच तांबूस, मंद जळत असेल तर बल्बवरचा आकडा वाचा. दुकानात १२ आणि २४ दोन्ही व्होल्टचे बल्ब शेजारीशेजारी असतात, आणि ट्रकचा २४ चा बल्ब त्याच होल्डरमध्ये बसतो. १२ आणि २४ दोन्ही व्होल्टवर चालणाऱ्या एलईडी दिव्यांना हा त्रास नाही, पण एलईडी इतका कमी करंट घेतात की बल्ब तपासणाऱ्या गाड्यांना ते जोडलेलेच वाटत नाहीत. तिथे एलईडीसाठी बनवलेला रिले लागतो.

(दृश्य: सायकली लादलेलं कॅरिअर. मागून व्हॅनचे दिवे दिसत नाहीत.)

रेवस–रेड्डी सागरी मार्गाने सायकली घेऊन जाणाऱ्या गाड्या आता बऱ्याच दिसतात. तीन सायकली मागे टांगल्या की व्हॅनचे दिवे आणि नंबर प्लेट दोन्ही झाकले जातात. म्हणून कॅरिअरला स्वतःची दिव्यांची पट्टी आणि नंबर प्लेटचा दिवा हवा. नियमाप्रमाणे रात्री मागचा नंबर १५ मीटरवरून वाचता आला पाहिजे. शिवाय १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. रिव्हर्स टाकला की त्यांना सायकली दिसतात आणि ते बोंबलत राहतात. आत मायक्रोस्विच असलेलं सॉकेट मिळतं. प्लग लावला की ते सेन्सरचा सप्लाय तोडतं.

(दृश्य: दाभोळची जेटी. ओहोटी. फेरीबोटीच्या उतारावरून व्हॅन खाली उतरते.)

दाभोळ–धोपावे फेरीवर ओहोटीच्या वेळी उतार तीव्र होतो. व्हॅनची शेपटी खाली येते आणि बंपरखाली लोंबणारं सॉकेट पहिलं घासतं. ते बंपरच्या खालच्या कडेच्या वर बसवावं. ट्रेलरची केबल वळणावर ताणली जाऊ नये इतकी सैल हवी, पण रस्त्याला लागू नये म्हणून मधे एका ठिकाणी बांधलेली.

होडी पाण्यात सोडताना प्लग आधी काढायचा. तापलेला बल्ब थंड पाण्यात गेला की काच तडकते, आणि प्लग लावलेला असेल तर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या पिना करंटमुळे पटापट खाल्ल्या जातात. सगळ्यात बरं म्हणजे दिव्यांची सुटी पट्टी. ती उचलून व्हॅनमध्ये ठेवायची आणि ट्रेलर एकटाच पाण्यात न्यायचा. बाहेर आल्यावर गोड्या पाण्याने धुणं आलंच.

(दृश्य: पावसाळा. शेडमध्ये उभा ट्रेलर.)

पावसाळ्यात ट्रेलर उभा राहतो, आणि बिघाड तेव्हाच मुरतो. प्लग धुऊन, वाळवून, पिनांना डायइलेक्ट्रिक (करंट न वाहणारं) ग्रीस लावून तोंड खाली करून टांगावा. उघडा तोंड वर ठेवला तर त्यात पाणी साठतं. केबल जमिनीवर गुंडाळून टाकू नये, उंदीर कुरतडतात. पावसानंतर ट्रेलर बाहेर काढला की हुकला जोडण्याआधी केबल हाताने चाचपत शेवटपर्यंत जावं, आणि मग पार्किंग लावून ब्रेक दाबायला दुसऱ्या कोणाला तरी बसवावं.