हळदीचं जेल त्वचेत मुरलं की नुसतं वर राहिलं?

नमस्कार मंडळी! हळदीच्या जेलच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय: "मॅडम, जेल लावून धुतलं तरी हात पिवळाच आहे, म्हणजे कर्क्युमिन आत गेलंच ना?" कर्क्युमिन म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारा घटक. पुण्यात एम.फार्म.च्या कित्येक मुलांचे प्रोजेक्ट सध्या याच विषयावर आहेत, तेव्हा आज यावरच बोलू.

पद्धत तुम्हाला माहीतच आहे, भरभर सांगते. डुकराच्या कानाची त्वचा फ्रान्झ सेलवर (त्वचेतून औषध किती पार जातं ते बघायचं दोन कप्प्यांचं काचेचं उपकरण) बसवायची, वर जेल, खाली द्रावण, त्वचेचं तापमान 32 अंश. शेवटी त्वचा बारीक कापून मेथॅनॉलमध्ये अर्क काढायचा आणि एचपीएलसीवर (द्रवातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) 425 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजायचं. फक्त कान कत्तलखान्यातून गरम पाण्यात बुडवायच्या आधीचाच मागून घ्या. त्या गरम पाण्यातून गेलेल्या कातडीत अडवण्याची ताकदच उरत नाही.

खरी मेख आहे ती वर राहिलेलं जेल पुसण्यात. कोथरूडच्या एका लॅबमध्ये एका विद्यार्थिनीने त्वचा कोरड्या कापसाने पुसली आणि चिकटपट्ट्या लावून एकेक थर काढला. पट्ट्या पांढऱ्या कागदावर ओळीने लावल्या. पहिली हळदीसारखी पिवळीधमक, दुसरी फिकट, पाचवीवर रंग शोधावा लागत होता. पहिल्या पट्टीवरचं जेल वरचंच होतं, आत मुरलेलं नव्हे! म्हणूनच पहिल्या एक-दोन पट्ट्या वेगळ्या मोजतात.

आता हिशोबाने बघा. समजा, 1 टक्का कर्क्युमिनचं जेल एका चौरस सेंटिमीटरवर 5 मिलिग्रॅम लावलं, म्हणजे 50 मायक्रोग्रॅम कर्क्युमिन. पुसताना त्यातलं 2 टक्के राहून गेलं, तरी 1 मायक्रोग्रॅम झालं. तुमच्या त्वचेतला खरा आकडाच तेवढा असेल, तर तुम्ही मोजलंत काय? त्वचा काही काच नाही. बारीक चरांत आणि केसांच्या मुळाशी जेल दडून बसतं.

एकाने लिहिलंय, "खालच्या द्रावणात शून्य आलं, म्हणजे जेल फुकट." अहो, कर्क्युमिन पाण्यात विरघळतच नाही म्हणा ना, आणि 7.4 पीएचच्या साध्या बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) ते भराभर विघटन पावतं. द्रावणात विरघळायची सोय केलीत का, प्रकाशापासून जपलंत का, ते आधी सांगा. आणि "नैसर्गिक आहे, आपोआप मुरतं" हे वाचून मला खरंच राग येतो. मंडूकपर्णीतलं एशियाटिकोसाइड 959 डाल्टनचं आहे (डाल्टन म्हणजे रेणूचं वजन मोजायचं एकक). 500 डाल्टनच्या वरचे रेणू निरोगी त्वचेतून सहसा जात नाहीत, मग ते झाडातून आलेले असोत की कारखान्यातून.

परत पुसण्याकडेच येते, कारण मार्गदर्शकांनाही हेच विचारा असं माझं सांगणं आहे. त्वचेचा एक जादा तुकडा घ्या, जेल लावा आणि लगेच, त्याच क्षणी, नेहमीसारखंच पुसा. मग त्यातलं कर्क्युमिन मोजा. मुरायला वेळच मिळालेला नाही, तेव्हा जे सापडेल ती तुमच्या पुसण्यातली कसर. पुसलेला कापूस, पट्ट्या, त्वचा, खालचं द्रावण, सगळ्यांची बेरीज लावलेल्या मात्रेशी ताडून बघा. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 428 क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेत ही बेरीज सरासरी 100 टक्के, 10 इकडे-तिकडे, यावी अशी अपेक्षा आहे. 70 आली तर आलेखाला हात लावू नका, आधी कापूस धुतलेलं मेथॅनॉल तपासा.