नावाडी, पूल आणि कथानक

[दृश्य: पहाटेची नदी. काठाला बांधलेली रिकामी होडी.]

एक नावाडी आहे. रोज माणसांना या काठावरून त्या काठावर नेतो. एके दिवशी नदीवर पुलाचं बांधकाम सुरू होतं. नावाड्याचा मुलगा तिथे मजुरीला लागतो. पूल बांधून होतो. होडी बंद पडते.

माणसं आली, जागा आली, घटनाही आल्या. तरी ऐकताना आत काही हललं नाही. इथे काय कमी पडलं, ते शोधण्यासाठी आपण थोडा वेळ याच नावाड्यासोबत राहू.

[दृश्य: वाचनालय. उघडं पुस्तक.]

१९२७ साली इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी केंब्रिजमध्ये कादंबरीवर व्याख्यानं दिली. त्यांचं एक उदाहरण पुढे जगभर वापरलं गेलं. राजा मेला आणि मग राणी मेली, ही झाली गोष्ट. राजा मेला आणि त्या दुःखाने राणी मेली, हे झालं कथानक. गोष्ट ऐकणारा विचारतो, ‘मग?’ कथानक वाचणारा विचारतो, ‘का?’

आता नदीवर परत येऊ. पूल झाला की होडीत कोणी बसणार नाही, हे मुलाला बापाआधी कळलं, म्हणून तो पुलावर कामाला गेला. बापाला सांगायचा धीर होईना, म्हणून त्याने ते लपवलं. लपवलं, म्हणून रोज संध्याकाळी घरी येण्याआधी नदीत उतरून तो हातपाय घासू लागला. घटना जवळजवळ त्याच आहेत, मध्ये ‘म्हणून’ आलं एवढंच. पण आता त्या पोराची काळजी वाटायला लागते.

[दृश्य: पाण्यातून वर येणारा काँक्रीटचा अर्धवट खांब.]

संघर्ष म्हटलं की आपण आधी खलनायक शोधतो. इथे तो सापडत नाही. पूल वाईट नाही, त्याच्यामुळे मध्यरात्री आजारी माणूस पलीकडे पोचणार आहे. बाप वाईट नाही. मुलगा तर नाहीच. मला वाटतं, चांगल्या कथेतला संघर्ष बहुतेक वेळा असाच असतो. दोन्ही बाजू खऱ्या असतात, आणि त्या एकाच घरात राहतात.

ही नदीसुद्धा नुसता पडदा म्हणून मागे टांगलेली नाही. ती बापाची भाकरी आहे, मुलाची लपायची जागा आहे, आणि पुढे पावसाळ्यात ती दोघांनाही विचारणार नाही. वातावरण म्हणतात ते हे. नदी काढून टाकली आणि कथा तशीच उभी राहिली, तर नदीचं वर्णन कितीही सुंदर असो, ते वायाच गेलं.

[दृश्य: जुन्या पोथीची पानं.]

कथानकाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: आरंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. ही नावं परीक्षेपुरती पाठ केली जातात आणि विसरली जातात, याचं मला वाईट वाटतं, कारण त्यांतलं निरीक्षण फार बारीक आहे. प्राप्त्याशा म्हणजे फळ मिळेल अशी आशा दिसते, पण खात्री नसते. याच टप्प्याशी जुळणारा कथानकाचा भाग म्हणजे गर्भसंधी. तिथे हवं ते सापडतं, हरवतं आणि पुन्हा शोधावं लागतं. कुठलीही रंगलेली कादंबरी मधोमध उघडा, हा लपंडाव चालू असतो.

त्याच परंपरेतले दोन शब्द मला फार प्रिय आहेत: बीज आणि बिंदू. बीज सुरुवातीला अगदी थोडक्यात पेरलेलं असतं, पुढे ते पसरत जातं. आणि मधल्या प्रसंगांमुळे मुख्य सूत्र तुटायला आलं की त्याला जोडून ठेवतो तो बिंदू. जुने भाष्यकार म्हणतात, पाण्यावर पडलेला तेलाचा थेंब पसरतो, तसा हा बिंदू कथेवर पसरतो.

आपल्या कथेत बीज कुठे पेरायचं? पहिल्याच प्रसंगात. मुलगा जेवायला बसला आहे. त्याच्या नखांत राखाडी काहीतरी अडकलेलं दिसतं. बापाला वाटतं, नदीचा गाळ असेल. वाचकालाही तसंच वाटतं. आणखी एक बीज: वल्हवताना बाप मनातल्या मनात वल्ह्याचे फटके मोजतो. या काठापासून त्या काठापर्यंत एकशे वीस. सवय म्हणून मोजतो, त्यामागे दुसरं काही नाही. ही दोन्ही बीजं लक्षात ठेवा.

[दृश्य: काळे ढग. पाणी चढतंय.]

पूर येतो. पूल पूर्ण व्हायला थोडंच काम उरलं आहे. मधल्या खांबावर काही मजूर अडकलेत, आणि त्यांच्यापर्यंत पोचेल अशी एकच होडी आहे. नावाडी निघतो. जो पूल त्याचं पोट मारणार आहे, त्याच पुलाच्या माणसांना आणायला निघतो. खांबापाशी पोचतो, हात पुढे करतो. वरून जो हात त्याच्या हातात येतो, त्याच्या नखांत राखाडी सिमेंट आहे.

[काही क्षण फक्त पाण्याचा आवाज.]

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने शोकांतिकेच्या कथानकात दोन गोष्टींना फार मोल दिलं. एक विपर्यास, म्हणजे घटना अपेक्षेच्या नेमकी उलट फिरणं. दुसरी अभिज्ञान, म्हणजे न कळलेलं कळणं. दोन्ही एकाच क्षणी घडतात तेव्हा परिणाम सर्वांत खोल होतो, असं तो म्हणतो. उदाहरण देतो ग्रीक नाटकातल्या ईडिपस राजाचं. निरोप्या येतो तो राजाची भीती घालवायला, पण त्याच्याच बोलण्यातून राजाला स्वतःची खरी ओळख कळण्याची वाट उघडते.

आपला नावाडी परक्यांना वाचवायला गेला होता.

ॲरिस्टॉटल कथानकाला शोकांतिकेचा आत्मा म्हणतो आणि स्वभावचित्रणाला दुसरं स्थान देतो. इथे मी अडखळतो. पुरात होडी घालण्याचा निर्णय ही घटना आहे, हे खरं. पण तो बाप कोण आहे, हे आपल्याला त्या निर्णयातूनच तर कळलं. कथानक कुठे संपलं आणि पात्र कुठे सुरू झालं, ती रेघ मला दाखवता येत नाही.

[दृश्य: फळ्यावर खडूने काढलेला त्रिकोण.]

१८६३ साली जर्मन लेखक गुस्टाव फ्रायटाग यांनी नाटकाची रचना पिरॅमिडसारखी मांडली: प्रस्तावना, चढण, शिखर, उतार आणि शेवट. वर्गात कथानक शिकवताना अजून हाच त्रिकोण काढतात. समजायला तो सोपा आहे, पण जपून वापरावा. फ्रायटाग पाच अंकी नाटकांबद्दल लिहीत होते, आणि त्यांचं शिखर नाटकाच्या मध्यावर येतं. आजच्या बहुतेक कथांचा उत्कर्षबिंदू शेवटाजवळ असतो. शिवाय जपानमध्ये चार भागांची एक रचना आहे, किशोतेन्केत्सु. तिचं मूळ चिनी चार ओळींच्या कवितेत आहे. सुरुवात, विस्तार, तिसऱ्या भागात अनपेक्षित वळण आणि मग जुळणी. तिला संघर्ष लागतोच असं नाही. प्रत्येक कथा त्रिकोणात कोंबायला गेलं, तर अशा कथा आपल्याला दिसणारच नाहीत.

[दृश्य: तीच नदी, एकदा होडीतून, एकदा खांबावरून.]

आता ही कथा सांगणार कोण? मुलगा ‘मी’ म्हणून बोलू लागला, तर गुपित आपल्याला पहिल्यापासून माहीत असेल. मग प्रत्येक जेवणात धाकधूक, बापाने हात पाहिले तर काय? बापाच्या नजरेतून सांगितलं, तर खांबापाशी त्याच्यासोबत आपल्यालाही धक्का बसेल. त्याच घटना, त्याच क्रमाने, पण एकीत तगमग आणि दुसरीत धक्का. निवेदक बदलताना लेखक किती मोठी गोष्ट बदलत असतो, हे वाचताना फारसं जाणवत नाही.

क्रमही बदलता येतो. गेल्या शतकाच्या सुरुवातीला रशियन समीक्षकांनी घडण्याचा क्रम आणि सांगण्याचा क्रम असा स्पष्ट भेद केला. पहिल्या ओळीतच पूर आणता येईल, खांबावरचा हातही दाखवता येईल. मग ‘काय होणार’ हा प्रश्न मिटतो आणि ‘हे इथवर आलं कसं’ हा उरतो. मी असं करणार नाही. त्या नखांतला गाळ वाचकाने बापासारखाच चुकीचा वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

[दृश्य: पूर्ण झालेला पूल. सकाळ.]

मग शेवट. बाप-लेक त्यावर काय बोलले, हे मी लिहिणार नाही. पाणी उतरतं, उरलेलं काम होतं, पूल खुला होतो. कित्येक दिवस बाप तिकडे फिरकत नाही. एका सकाळी कोणाला न सांगता निघतो आणि पुलावरून चालू लागतो. खाली नदी, काठाला होडी. त्याच्याही नकळत तो पावलं मोजतोय.

एकशे अठरा. एकशे एकोणीस. एकशे वीस.

अजून पूल बराच उरला आहे. तो थांबतो, कठड्यावर हात ठेवतो. सिमेंट रात्रीच्या दवाने ओलं आहे.

[दृश्य स्थिर. पाण्याचा आवाज.]