शेवटच्या नळाचं पाणी

(कोल्हापुरातल्या एका तालीम मंडळाच्या सभागृहात निवृत्त आरोग्य निरीक्षकाने दिलेलं व्याख्यान, संपादित)

मंडळी, ओळख करून देताना अध्यक्षांनी मला ‘डॉक्टर’ म्हटलं. मी डॉक्टर नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या न्हाणीत टॉर्च घेऊन बॅरलात वाकलेला माणूस तो मीच. माझी सगळी नोकरी पाण्यात गेली, असं मी घरी म्हणतो आणि ते अगदी शब्दशः खरं आहे.

सार्वजनिक आरोग्य म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर सीपीआर, म्हणजे आपलं सरकारी हॉस्पिटल येतं. केसपेपरची रांग, सलाईन. पण तो आजारी पडल्यानंतरचा भाग झाला. त्याच्या आधीचं काम एका बोटभर काचनळीत चालतं. ही बघा, आणलीये. हिच्यात नळाचं पाणी घ्यायचं, ओटीचे, म्हणजे ऑर्थोटोलिडीन या क्लोरीन ओळखणाऱ्या औषधाचे, दोन-चार थेंब टाकायचे आणि लगेच बघायचं. पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन आहे. पांढरं राहिलं तर काळजी. नळाला दशलक्ष भागात निदान ०.२ भाग क्लोरीन उरलेलं पाहिजे, साथ असेल तर ०.५. हा सगळा हिशोब आम्ही त्या पिवळेपणाच्या छटेवरून करत असू.

आता प्रश्न असा, की तपासायचं कुठल्या नळावर? काळम्मावाडी धरणाचं पाणी पुईखडीच्या शुद्धीकरण केंद्राला येतं, गाळून, क्लोरीन मिसळून शहरात सुटतं. तिथं तपासलं तर पिवळंधमक येणार, त्यात काय पराक्रम? क्लोरीन वाटेत खर्ची पडतं. जिथं पाईप फुटलाय, गटारीतनं गेलाय, तिथं आत शिरलेल्या घाणीशी ते झुंजतं आणि संपतं. म्हणून माझे एक जुने साहेब म्हणायचे, गल्लीतलं शेवटचं घर धर. बोळाच्या टोकाला, पाणी रडत रडत येतं ते घर. तिथं पिवळं आलं तर गल्ली सुरक्षित.

आणखी एक गोष्ट, जी मला स्वतःला कळायला बरीच वर्षं लागली. पाणी चालू असतं तेव्हा पाईपला भोक असेल तर पाणी बाहेर जातं. पाणी बंद झालं की पाईप आतून ओढ घेतो, आणि तेच भोक भोवतीचं गटारीचं पाणी आत शोषतं. म्हणजे एक दिवसाआड पाणी आलं की ही घाण आत यायला तेवढा वेळ मिळतो. पहिली दहा मिनिटं नळ सुटतो ते पाणी म्हणूनच भांड्याला, पायरीला वापरा. आपल्या आज्या पहिलं पाणी सडा मारायला घेत, त्यात शास्त्र होतं का सवय, मला माहीत नाही. पण पद्धत बरोबर होती.

आता कावीळ. एका पेठेत, नाव घेत नाही, एकाच बोळात पाच घरांत डोळे पिवळे झाले. आम्ही गेलो, ओटी लावली, पाणी छान पिवळं! सगळे बुचकळ्यात. पण दूषित पाण्याची कावीळ पोटात गेल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी दिसते. ज्या पाण्यानं माणूस आजारी पडला ते पाणी कधीच वाहून गेलेलं असतं. चोराचा माग महिन्यानं काढण्यातला प्रकार. मग विचारत बसायचं: मागच्या महिन्यात रस्ता कुणी उकरला होता? नवं कनेक्शन कुणी घेतलं? एका आक्कांनी सांगितलं, “केबलवाल्यांनी खड्डा काढलता की, तवापास्नं वास येतोय.” तक्रार का नाही केली? “केली की. आलंच न्हाई कोण.” ती तक्रार कुठल्या टेबलावर अडली ते मी इथं सांगणार नाही, पण अडली होती. खड्डा उकरला तर गटार आणि पाईप गळाभेट घेत होते.

इचलकरंजीत २०१२ साली काविळीची केवढी साथ आली ते तुम्हाला आठवत असेल. तिथपर्यंत जाऊ द्यायचं नसेल तर पाचव्या घरालाच आम्हाला कळायला हवं. आणि मी अनुभवानं सांगतो, साथीची पहिली बातमी दवाखान्यातून येत नाही. काविळीचा माणूस आधी झाडपाल्याकडं जातो. बातमी येते मेडिकलवाल्याकडून, की ओआरएसची पाकिटं दोन दिवसांत संपली. शाळेतल्या बाईंकडून, की चौथीच्या वर्गात आठ पोरं आली नाहीत. सगळ्यात आधी आशाताईंकडून. अख्ख्या खात्याचे कान म्हणजे त्या बायका, आणि त्यांचं मानधन बघितलं की मला बोलवत नाही.

डेंग्यू वेगळा विषय वाटेल, पण तो याच नळातून येतो. पाणी रोज येत नाही, म्हणून आपण साठवतो. साठवलं की डेंग्यूचा डास अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. मी एका वहिनींना बॅरल ओता म्हणालो. त्या भडकल्या, “चार दिसानं पाणी आलंय आणि वतून टाक म्हणतायसा व्हय?” त्यांचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. मग आम्ही ॲबेट, म्हणजे अळ्या मारणारं औषध टाकलं आणि झाकणाला फडकं बांधून दिलं. पण जेव्हा कधी बॅरल रिकामं होईल तेव्हा काथ्यानं घासा. अंडी पाण्याच्या वरच्या कडेला चिकटतात आणि कोरड्यात महिनोन्‌महिने तग धरतात. नुसतं ओतून काही होत नाही. उद्यमनगरातली जुनी टायरं, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, हे तर आहेच.

धूर मात्र तुम्हाला फार आवडतो. गाडी आली की पोरं मागं पळतात, नगरसेवक फोटो काढतात. धुरानं उडता डास मरतो, अळी नाही. आठवड्यात नवी फौज तयार. मी हे तीस वर्षं सांगतोय, आणि तीस वर्षं फोन येतोच: “साहेब, धूर कधी?”

पुराचं थोडक्यात सांगतो. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या पोरासोरांना पाठ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं. सुतारवाड्यात पाणी शिरलं, उपसा केंद्रंच बुडाली. चारी बाजूंनी पाणी आणि नळ कोरडे. तेव्हा प्रत्येक टँकर भरताना ओटी, आणि घरोघरी मेडिक्लोर, पिण्याच्या पाण्यात टाकायचं क्लोरीनचं औषध. पूर ओसरल्यावर चिखलात अनवाणी राबणाऱ्यांच्या भेगांतून लेप्टोचा, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू शिरतो, उंदरांच्या लघवीतला. त्यांना आठवड्याला डॉक्सीसायक्लिनची गोळी द्यायचो, गरोदर बायका आणि लहान मुलं सोडून. गडी म्हणायचे, “आम्हाला काय होतंय?” गोळी हातात ठेवून निघायचं नाही, समोर गिळायला लावायची.

बरं, मघापासून मागच्या बाकावरचे मामा विचारताहेत, आत्ता इथल्या नळाची ओटी लावून दाखवा. मागचा नळ टाकीचा आहे, मामा. साठलेल्या पाण्यातलं क्लोरीन उडून जातं, त्यावरून पाईपचं काही कळणार नाही. थेट लाईनचं पाणी पाहिजे. या बोळात शेवटचं घर कुणाचं? तुमचंच? पाणी किती वाजता येतं?

पहाटे साडेचारला. बरं. उद्या पाण्याची पाळी आहे ना? मग दार उघडं ठेवा, मी येतो.