मूनडॉग : नाक्यावरचा संगीतकार

श्रोतेहो, नमस्कार. न्यूयॉर्कच्या सहाव्या ॲव्हेन्यूवर लांब दाढीचे एक अंध गृहस्थ वर्षानुवर्षे उभे असत. पुढेपुढे तर अंगावर झगा, डोक्यावर शिंगांचे शिरस्त्राण आणि हाती भाला असा त्यांचा थाट असे. वेडा भिकारी समजून लोक पुढे जात. प्रत्यक्षात ते स्वतःच्या कविता आणि स्वतः रचलेले संगीत विकत असत. त्यांचे नाव लुई हार्डिन. १९१६ साली कॅन्ससमध्ये त्यांचा जन्म झाला आणि सोळाव्या वर्षी सुरुंग उडवण्याची स्फोटक टोपी हातात फुटून त्यांची दृष्टी गेली. चंद्राकडे तोंड करून विव्हळणाऱ्या आपल्या कुत्र्याच्या आठवणीने १९४७ पासून त्यांनी ‘मूनडॉग’ हे नाव घेतले.

या नावाचीच गोष्ट मला सांगायची आहे, कारण ती आम्हा रेडिओवाल्यांना थोडी लाजवणारी आहे. क्लीव्हलंडच्या रेडिओवर ॲलन फ्रीड नावाचे लोकप्रिय निवेदक होते. त्यांनी मूनडॉग यांची एक ध्वनिमुद्रिका आपल्या कार्यक्रमाची ओळखधून म्हणून उचलली, तिच्या तालावर ते स्वतः कुत्र्यासारखे विव्हळू लागले आणि अखेर स्वतःलाच मूनडॉग म्हणवू लागले. १९५२ च्या मार्चमध्ये याच नावाने त्यांनी भरवलेल्या जलशाला इतकी गर्दी लोटली की तो सुरू होताच बंद करावा लागला. नाव गाजत होते, पण ते नाव ज्यांचे होते ते नाक्यावर उभे होते! १९५४ मध्ये फ्रीड न्यूयॉर्कच्या रेडिओवर आले, म्हणजे थेट मूनडॉग यांच्याच गावात, तेव्हा मूनडॉग यांनी दावा ठोकला. स्वतः विख्यात संगीतकार स्ट्राविन्स्की यांनी न्यायाधीशांना आपल्यासाठी शब्द टाकला, असे मूनडॉग सांगत. ते कसेही असो, निकाल त्यांच्या बाजूने लागला. फ्रीड यांना नाव सोडावे लागले आणि त्यांच्या कार्यक्रमाच्या नावात ‘रॉक अँड रोल’ आले. पुन्हा सांगतो, नाक्यावरच्या अंध वादकाने नामवंत निवेदकाकडून आपले नाव परत मिळवले.

ओळखधुनेच्या रचनाकाराचे नाव सांगायचे नाही, ही खोड आपल्याकडेही आहे. आकाशवाणीची ओळखधून वॉल्टर कॉफमन यांनी मुंबईत असताना बांधली, हे किती श्रोत्यांना ठाऊक असेल?

मूनडॉग यांचे संगीत मात्र विक्षिप्त नव्हते. ‘ट्रिम्बा’ हे त्रिकोणी तालवाद्य त्यांनी स्वतः घडवले. ते ब्रेलमध्ये लिहीत आणि डोळस माणसाकडून त्याची स्वरलिपी करून घेत. एकच चाल एकापाठोपाठ एक वाद्यांनी उचलावी आणि तरी कोठेही विसंवाद होऊ नये, याबाबत ते कमालीचे काटेकोर होते. पाच आणि सात मात्रांचे ताल त्यांना प्रिय होते. सात मात्रांचा रूपक ताल ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना त्यांत परके काही वाटणार नाही.

१९६९ मध्ये कोलंबिया या ध्वनिमुद्रिका कंपनीने त्यांच्या रचना वाद्यवृंदासह प्रसिद्ध केल्या. १९७४ मध्ये ते जर्मनीला गेले आणि तेथेच राहिले. न्यूयॉर्कमध्ये अनेकांनी ते वारले असेच गृहीत धरले होते. १९८९ मध्ये त्याच शहरात, ब्रुकलिनमध्ये, त्यांच्या रचनांचा कार्यक्रम झाला आणि तो वाजवून घ्यायला ते स्वतः हजर होते.